बटण दाबावे की आज्ञा लिहावी?

पडद्यावरील बटण दाबून काम होत असताना आज्ञा टंकित करण्याचा खटाटोप कशाला, असे पुष्कळ विद्यार्थी विचारतात. एक उदाहरण पाहू.

ॲमेझॉनने २०१४ साली ‘लॅम्डा’ ही सेवा जाहीर केली. तीत आपला छोटासा प्रोग्रॅम कंपनीच्या दूरच्या संगणकांवर राहतो. मागणी आली की तेवढ्यापुरता, एका खेपेस फार तर १५ मिनिटे, चालतो. त्यात दुरुस्ती केली, की ती तेथे पाठविण्यासाठी ‘अपडेट-फंक्शन-कोड’ आणि प्रोग्रॅम चालविण्यासाठी ‘इन्व्होक’ अशा आज्ञा आहेत. बटणांनीही हे साधते. पण महिन्याभराने काही बिघडले, तर कोणती बटणे कोणत्या क्रमाने दाबली, हे आठवत नाही. लिहिलेली आज्ञा मात्र जपून ठेवता येते, दुसऱ्याकडून तपासून घेता येते आणि जशीच्या तशी पुन्हा देता येते.

अर्थात, चुकीची आज्ञाही संगणक तितक्याच इमानाने पाळतो; आणि मोफत मर्यादेपुढे प्रोग्रॅम जितका चालेल तितके पैसे पडतात. म्हणून ‘एंटर’ दाबण्यापूर्वी ओळ पुन्हा वाचावी.

प्रयोगवहीत कृती लिहिल्याशिवाय प्रयोग पुरा होत नाही, हे आपण प्रयोगशाळेत शिकतो. शिक्षकांनी हाच नियम संगणकाच्या तासालाही लावावा, असे आम्हाला वाटते.