भर दुपारी दिवा

दिवाळीत पणती लावतात ती अंधारात, उन्हात नव्हे. हे कोणाला शिकवावे लागत नाही. त्याच न्यायाने रत्नागिरीच्या एखाद्या लग्नघरी भर दुपारी छायाचित्रकाराने फ्लॅश उडवला, की अंगणातली शहाणी मंडळी हसतात. ‘‘अहो, सूर्यनारायण एवढा तळपतो आहे, आणि हा दिवा कशाला?’’ या शहाण्यांशी मला आज भांडावयाचे आहे. माझे म्हणणे असे, की माणसाचा चेहरा टिपावयाचा तर दिव्याची खरी गरज भर दुपारीच पडते; आणि तो लावण्याचा आळस करून आपण आपल्याच माणसांचे चेहरे काळोखात लोटत आलो आहोत.

ऊन म्हणजे उजेड, एवढ्यावर भागत नाही. उजेड कोठून येतो तेही पाहावे लागते. रत्नागिरी १७ अक्षांशावर वसलेली. मेच्या ८-९ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माध्यान्ही सूर्य अगदी माथ्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच गडप होते. आणि आपली लग्नसराई नेमकी मे महिन्यातली! नवऱ्या मुलाचे कपाळ व नाकाचा शेंडा चकाकतो, डोळ्यांच्या जागी मात्र दोन खड्डे. समोर उभे राहून पाहणाऱ्याला ते डोळे दिसतात, कारण आपली नजर ऊन आणि सावली दोन्ही सांभाळून घेते. कॅमेऱ्याची तेवढी ऐपत नसते.

यावर जुनी मंडळी तोडगा सांगतात : सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी ठेवा. मी शाळामास्तर, या तोडग्याची फळे मी वर्गावर्गाच्या फोटोंत पाहिली आहेत. चाळीस मुले, चाळीस कपाळांवर आठ्या आणि ऐंशी डोळे किलकिले! खरा उपाय याच्या उलट आहे. माणसाची पाठ उन्हाकडे करा, म्हणजे डोळे सुखाने उघडतील, केसांच्या कडा उजळतील. आणि सावलीत गेलेल्या चेहऱ्यावर समोरून थोडा फ्लॅश टाका. थोडा म्हणजे उन्हाच्या निम्माच. फ्लॅश लावला आहे हे कळू नये, यातच त्याचे यश. त्याची चमक क्षणात विझते, म्हणून शटर किती वेळ उघडे आहे याच्याशी तिला कर्तव्य नसते. मागचे आकाश शटरने आवरावे, चेहरा फ्लॅशने. मात्र पुष्कळशा कॅमेऱ्यांत शटर सेकंदाच्या १/२०० ते १/२५० भागाहून वेगवान ठेवले, तर चित्राच्या एका भागाला फ्लॅशचा उजेड मिळत नाही. आणि अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. तेव्हा दोन-अडीच मीटरांपलीकडे जाऊ नये.

‘‘पण हा उजेड कृत्रिम!’’ अशी दुसरी हाकाटी. या नैसर्गिकवाद्यांनी एकदा पांढऱ्या समुद्रावर जावे आणि तेथून मांडवीच्या काळ्या समुद्रावर यावे. एकाच गावचे दोन किनारे. पांढरी वाळू खालून उजेड परतवते आणि चेहरा खुलतो. काळी वाळू तोच उजेड गिळून बसते. जे काम पांढरी वाळू करते, तेच फ्लॅश करतो. वाळूचे ते पुण्य आणि दिव्याचे ते पाप, हा कुठला न्याय?

तिसरे हुशार म्हणतात, चेहरा मागाहून मोबाईलवर उजळून घेऊ. जे कॅमेऱ्याने टिपलेच नाही, ते मागाहून कोठून आणणार? दाट सावली ओढून वर काढली, की मिळते ती ठिपक्यांची राख. शिवाय त्या उजळण्यात एक निराळीच खोड लपलेली असते : गोरे करण्याची. माझा खरा राग आहे तो येथे. मिरकरवाड्याच्या बंदरावर डोक्यावर पाटी घेऊन उभ्या असलेल्या कोळणीचा फोटो पाहा. पाटीची सावली तोंडावर, मागे लखलखता समुद्र. चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. आणि वर तिलाच ऐकवायचे, ‘‘काळी आहेस, म्हणून फोटो येत नाही.’’ दोष उजेड टाकणाराचा, शिक्षा मात्र तिच्या कातडीला! हा रोग केवळ आपलाच नव्हे. १९५० नंतरच्या काळात कोडॅक कंपनी रंगांची जुळणी करण्यासाठी छपाईघरांना एका गोऱ्या बाईचे चित्र पाठवी. त्याला ‘शर्ली’ कार्ड म्हणत. तिचा रंग बरोबर उतरला, की जगाचा रंग बरोबर! सावळ्यांनी आपले आपण पाहावे. फ्लॅश गोरे करण्यासाठी नाही. सावळा चेहरा सावळाच, पण डोळ्यांतल्या चमकेसह दिसावा, यासाठी आहे.

फ्लॅशने सारे साधते असा माझा दावा नाही. चाळीस मुलांच्या रांगांना एवढासा दिवा पुरणार नाही. त्यांना शाळेच्या इमारतीच्या सावलीत उभे करावे. मोबाईलचा इवलासा दिवा तर दुपारच्या उन्हापुढे हातभर अंतरावरही केविलवाणा. ज्यांच्याजवळ तेवढेच साधन आहे त्यांनी माणसाला पडवीच्या कडेला आणावे, किंवा समोर एक धुतलेले पांढरे धोतर पसरून धरावे. मुद्दा यंत्राचा नसून समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड पोहोचवण्याच्या आस्थेचा आहे.

या भाऊबिजेला दुपारची जेवणे आटोपली, की अंगणात फोटो निघतीलच. डोक्यावरून पदर घेतलेली आजी नेहमीप्रमाणे कडेला उभी राहील, आणि पदराच्या सावलीत तिचे डोळे नेहमीप्रमाणे हरवतील. तिला पाठ उन्हाकडे करून मध्ये उभी करा आणि खुशाल दिवा लावा. हसणारे हसू देत. पुढे नातवंडांना तो फोटो दाखवताना, ‘ती काळीशी दिसते ना, तीच आजी’ असे बोट ठेवून सांगावे लागणार नाही.