लाटेवर उभं राहण्याआधी

गोव्याच्या सहलीत आमच्या वस्तीतली पोरं मोरजीला अर्धा दिवस सर्फिंग, म्हणजे फळीवरून लाटेवर स्वार व्हायला शिकून आली. "ही श्रीमंतांची थेरं," असं काही ज्येष्ठ म्हणाले. आम्हाला ते पटत नाही. ज्यांना विहिरीवर चढू दिलं नाही, त्यांच्या लेकरांना विहिरीत पोहायला कोण शिकवणार होतं? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मग समुद्रही आपलाच.

मात्र अर्ध्या दिवसात पोहणं येत नाही. शिक्षक आधी वाळूवर फळीवरून उठायला शिकवतात, मग कमरेएवढ्या पाण्यात नेतात. फळीची दोरी पायाला बांधलेली असते. ती तुटली तर पोहणंच कामी येतं. पाणी आत ओढू लागलं, तर त्याच्याशी झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावं. दमा, फिट किंवा हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो की लेकरं समुद्राकडे धावतात. त्यांना नुसतं रागावू नका. या उन्हाळ्यात नगरातच त्यांना पोहायला शिकवा, मुलींनाही!