पाल्यावर पाला

मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने: मेथीचा पाला, मुळ्याचा पाला. ग्वाल्हेरच्या हिंदीत पाला म्हणजे गोठलेले दव. आपल्या घरांत दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. पण डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या कुंड्यांत एक पाला दुसऱ्याच्या जिवावर उठतो.

म्हणून पुण्या-मुंबईकडचे बागकामाचे व्हिडिओ इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. टोमॅटो, मिरची आणि वांगी मुळात उष्ण हवेतली. पाला पडला की त्यांची पाने उकडल्यासारखी होतात आणि काळी पडतात. दोन महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाते.

ती रात्र ओळखता येते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडत हवेपेक्षाही थंड होतात. त्यामुळे मोबाइलवर ३-४ अंश दिसत असतानाही पानावरचे दव गोठू शकते. ढगाळ रात्री ही भीती कमी.

अशा दिवशी दुपारीच मातीला हलके पाणी द्या. ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. कुंड्या भिंतीलगत एकमेकींना चिकटून ठेवा. संध्याकाळी काठ्या रोवून त्यांवर जुनी चादर जमिनीपर्यंत सोडा, म्हणजे मातीची ऊब आत राहील. प्लास्टिक असेल तर ते पानांना टेकू देऊ नका. ऊन आले की पांघरूण काढा. एवढे करूनही काही फांद्या करपल्या तर लगेच छाटू नका. थंडी सरल्यावर खालून नवे फुटवे येतात.

मेथी, पालक, मुळा, गाजर आणि कोबी यांची एवढी काळजी नको. मटाराचे रोपही काटक, फक्त त्याची फुले आणि कोवळ्या शेंगा जपायच्या. उलट थंडी वाढली की पालक आणि गाजर आपल्यातली साखर वाढवतात, कारण साखर विरघळलेले पाणी सहज गोठत नाही. आपल्याला लागणारी गाजराची गोडी म्हणजे खरे तर त्याने स्वतःसाठी केलेली थंडीची तयारी.

तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या हिवाळ्यात टोमॅटोचा हट्ट धरू नये. एक पसरट कुंडी आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातली मूठभर मेथी पुरे. दाणे रात्रभर भिजवून पेरा. महिन्याभरात घरच्या भाजीची पहिली जुडी हातात येईल.