जनुकांचा धुरा आणि सिकलसेलचा उपचार

सिकलसेलवर क्रिस्पर तंत्राने तयार झालेला देशी उपचार दिल्लीच्या ‘आयजीआयबी’ या सरकारी संशोधन संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. बिरसा मुंडा यांच्या नावावरून त्याचे नाव ‘बिरसा १०१’ ठेवले आहे, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिले आहे. ही बातमी विदर्भाच्या जिव्हाळ्याची आहे. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच छापून आली. हा आजार फक्त आदिवासींचा, हा समजही खोटा आहे. मेळघाटाइतकाच तो खालच्या सपाट मुलखातील अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांच्या घरांतही आहे.

जनुकीय उपचार म्हटले की पहिला प्रश्न किमतीचा येतो, आणि तो रास्तच आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या दोन उपचारांपैकी ‘कॅसजेव्ही’ची किंमत २२ लाख डॉलर आणि ‘लायफजेनिया’ची ३१ लाख डॉलर ठेवली गेली. दुसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही: पेशीत बाहेरून जनुक घातले, तर ते शेजारच्या जनुकांशी कसे वागते?

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो. हिमोग्लोबिनचे जनुक मात्र तांबड्या रक्तपेशी तयार होतानाच जोमाने चालते, कारण डीएनएवर दूर बसलेले ‘एन्हान्सर’ नावाचे तुकडे त्याला जोर देतात. हा जोर शेजारच्या भलत्याच जनुकाला का मिळत नाही? कारण मध्ये ‘इन्सुलेटर’ असतो. वऱ्हाडात तो समजावून सांगायला एक शब्द पुरे: धुरा. शेजाऱ्याने सोडलेले पाणी धुरा अडवतो, तसा हा तुकडा एन्हान्सरचा जोर पलीकडे जाऊ देत नाही. काही इन्सुलेटर आणखी एक काम करतात. डीएनएचा काही भाग घट्ट गुंडाळून बंद ठेवलेला असतो आणि ही बंदी हराळीसारखी सरकत सरकत शेजारी पसरते. तीही ते रोखतात. (खऱ्या धुऱ्यावर हराळीच माजते, तेवढ्यापुरती उपमा लंगडी.)

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमधला पहिला नीट तपासलेला धुरा कोंबडीत सापडला, आणि तोही हिमोग्लोबिनच्याच जनुकांच्या कडेला. अमेरिकेतील गॅरी फेल्सेनफेल्ड यांच्या प्रयोगशाळेने तो १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. ‘सीटीसीएफ’ नावाचे प्रथिन त्यावर येऊन बसते आणि जोर अडवते, हे १९९९ मध्ये कळले. हेच प्रथिन डीएनएची वेटोळी पाडायला मदत करते. एका वेटोळ्यातले एन्हान्सर आणि जनुक सहसा एकमेकांशीच व्यवहार करतात.

आता उपचाराकडे. निकामी विषाणूच्या पाठीवर चांगले जनुक लादून पेशीत सोडले, तर ते डीएनएमध्ये नेमके कुठे बसेल हे आधी सांगता येत नाही. फ्रान्समध्ये जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांवर असा उपचार झाला. २००२ पासून त्यांच्यापैकी काहींना रक्ताचा कर्करोग झाल्याचे दिसू लागले. विषाणूतला एन्हान्सर शेजारच्या कर्करोगाशी संबंधित जनुकाला जाऊन भिडला होता. म्हणजे धुरा नसलेल्या शेतात पाणी सोडले गेले होते.

मग विषाणूलाच धुरा जोडून पाहिला. २००७ मध्ये पॅरिसला थॅलेसेमियाच्या एका तरुणाला दिलेल्या जनुकासोबत कोंबडीच्या त्याच इन्सुलेटरचे छोटे तुकडे होते. साधारण वर्षभरानंतर त्याला रक्त चढवण्याची गरज उरली नाही. पण त्याच्या रक्तात एकाच पेशीची संतती भराभर वाढलेली आढळली. तिच्यात नवे जनुक ‘एचएमजीए२’ नावाच्या जनुकात जाऊन बसले होते आणि धुऱ्याचा एक तुकडा गळून गेला होता. त्यातून कर्करोग झाला नाही, पण धडा मिळाला. धुरा शेजाऱ्याला वाचवतो. शेजाऱ्याच्या घरातच नांगर घुसला तर त्याचा उपयोग नाही. पुढच्या विषाणूंतून हे तुकडे काढून टाकले गेले, आणि ‘लायफजेनिया’त ते नाहीत. या औषधाच्या वेष्टनावर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा मात्र आहे.

‘कॅसजेव्ही’ची वाट वेगळी आहे. त्यात नवे जनुक घालतच नाहीत. गर्भातले हिमोग्लोबिन जन्मानंतर ज्या ‘बीसीएल११ए’ जनुकामुळे बंद पडते, त्याचा तांबड्या पेशींपुरता असलेला एन्हान्सर क्रिस्परने कापतात. त्यामुळे कुठेही जाऊन बसण्याचा धोका टळतो. भलत्याच जागी काप जाण्याचा धोका उरतो. माझ्या मते आपल्याकडे हीच दिशा बरी, पण ती सोपी नाही. आधी तीव्र केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, आणि पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला हे तिच्या भाषेत, गरज पडली तर कोरकूत, सांगितल्याशिवाय संमतीपत्रावर सही घेणे गैर आहे.

तोपर्यंत हायड्रॉक्सियुरियाची गोळी आहेच. तीही गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते आणि कित्येक पट स्वस्त आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. तपासणीत सापडलेल्या रुग्णाला दर महिन्याला गोळी मिळते का, हे प्रत्येक आरोग्य केंद्रात विचारायला हवे.

अमेरिकेत जनुकीय उपचार घेतलेल्या रुग्णावर १५ वर्षांपर्यंत लक्ष ठेवतात, कारण एखादी पेशी वाढत चालली आहे की नाही हे लगेच कळत नाही. मेळघाटातून कुटुंबेच्या कुटुंबे दरवर्षी कामासाठी बाहेर पडतात. त्यांच्यातला रुग्ण मुंबई-पुण्यात उपचार घेऊन परतला, तर पुढची १५ वर्षे त्याचे रक्त कोण तपासणार, धारणीत घेतलेला नमुना कुठल्या प्रयोगशाळेत जाणार आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हे चाचण्यांच्या आराखड्यातच लिहिलेले असावे.