आधी पारख, मग पैसा

शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर वाढविण्यासाठी राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरणाला मंजुरी दिली. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूदही केली. हेतू स्वागतार्ह आहे. मात्र जे तंत्रज्ञान गावोगाव न्यायचे, ते तेथे उपयोगी पडेल का, याची स्वतंत्र पारख कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

शाहूवाडी तालुक्याकडे पाहिले की त्याचे महत्त्व कळते. येथे भात ऐन वाढीत असते तेव्हाच आंबा परिसरावर ढगांचे दाट आच्छादन असते. साधी छायाचित्रे टिपणाऱ्या उपग्रहाला त्याखालचे पीक दिसत नाही. रडार ढगांपलीकडचे टिपू शकते. पण डोंगरउतारावरील काही गुंठ्यांच्या खाचरांत त्याचे निष्कर्ष कितपत खरे ठरतात, हे बांधावर ताडून पाहिल्याशिवाय कळणार नाही. सपाटीवरच्या ऊसपट्ट्यातील यश येथे जसेच्या तसे गृहीत धरता येत नाही.

या तालुक्याला लागूनच असलेल्या पन्हाळा तालुक्यातील वारणानगरने असा धडा पूर्वीच दिला आहे. १९९८ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साह्याने कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आखला गेला. गावातील केंद्रांवर संगणक आले. शेतीविषयक ज्ञानापासून बाजारभावापर्यंत सारे गावात मिळेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांचा वापर प्रामुख्याने उसाचे वजन, खते आणि बिले यांच्या नोंदींपुरता राहिला. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाने सात गावांत प्रयोग करून तीच माहिती मोबाइलवरील लघुसंदेशाने देता येते, हे दाखवून दिले. १९९८ मध्ये मोबाइल खेड्यात पोहोचला नव्हता, त्यामुळे त्या वेळच्या निर्णयाला सरसकट चूक म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण गरज काय आणि साधन कोणते, याची ठराविक काळाने फेरतपासणी करणे हे सरकारचे काम आहे. ते खासगी कंपनीच्या संशोधकांवर सोडून चालणार नाही.

अमेरिकेच्या संसदेने १९७२ मध्ये याच कामासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. १९९५ मध्ये ते बंद पडले. ब्रिटनच्या संसदेचे तसे कार्यालय १९८९ पासून काम करते. भारतात १९८८ मध्ये 'टायफॅक' ही परिषद स्थापन झाली. तिच्या नावात मूल्यमापन आहे; पण ती केंद्राच्या विज्ञान विभागाच्या अखत्यारीत आहे, लोकप्रतिनिधींना थेट सल्ला देणारी यंत्रणा नव्हे.

शाहूवाडीने बॉक्साइटच्या खाणी पाहिल्या आहेत. मोठ्या खाणीला पर्यावरणीय परिणामांचा अहवाल आणि जनसुनावणी लागते. शेतकऱ्याचे पीक, नोंदी आणि कर्जाचे निर्णय ज्या यंत्रावर सोपवायचे, त्याला मात्र तशी कसोटी नाही.

विधिमंडळाला उत्तरदायी असलेला एक छोटा मूल्यमापन कक्ष, त्यात कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी, भिन्न हवामानाच्या तालुक्यांत किमान एका हंगामाची चाचणी आणि निष्कर्षांची मराठीतून प्रसिद्धी, एवढी व्यवस्था फार खर्चिक नाही. तिला 'नको' म्हणण्याचा अधिकार मात्र हवा. तो नसेल, तर मूल्यमापन हा मंजुरीनंतरचा उपचार ठरेल आणि चुकलेल्या सल्ल्याची किंमत खाचरातला शेतकरी मोजेल.