इंग्रज पाद्री आणि मराठी ओव्या

फार पूर्वी स्कॉटलंडात पिक्ट नावाचे लोक राहत. त्यांना ख्रिस्ती धर्म सांगायला निनियन नावाचा बिशप गेला होता, असं बीड या इतिहासकारानं ७३१ सालच्या सुमारास लिहून ठेवलंय. तो त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलला, हे मात्र बीड सांगत नाही. पिक्टांची ती भाषाही आता उरली नाही.

आपल्याकडे आलेल्या एका धर्मोपदेशकाचं तसं नाही. हा बिशप नव्हता, साधा जेझुइट पाद्री. नाव थॉमस स्टीफन्स. १५७९ च्या एप्रिलमध्ये तो लिस्बनला जहाजात बसला आणि ऑक्टोबरात गोव्याला उतरला. सहा महिन्यांचा प्रवास! मग १६१९ साली मरेपर्यंत तो तिकडेच राहिला, बहुतेक काळ साष्टीत, म्हणजे मडगावच्या आसपास.

दिवस बरे नव्हते. पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं. पोर्तुगीजांनी बोलणी करायला म्हणून गावचे पुढारी बोलावले आणि त्यांना ठार केलं. धर्म बदललेल्या लोकांना वाचायला पुराणं उरली नाहीत. आमची पुराणं नेलीत, मग त्यांच्या जागी काय देता, असं त्यांनी विचारलं तर काय चुकलं?

स्टीफन्सनं उत्तर दिलं ते मराठीत. येशूची गोष्ट त्यानं ओवीत लिहिली. ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या, याच्या ‘ख्रिस्तपुराणा’त जवळजवळ अकरा हजार! स्वर्गाला त्यानं शब्द वापरला ‘वैकुंठ’. यवतमाळकडच्या जात्यावर गाणाऱ्या आजीलाही तो समजला असता.

१६१६ साली राशोलला पुस्तक छापलं, पण रोमन अक्षरांत. छापखान्यात मराठी खिळेच नव्हते. (तुमची ताई मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते ना, तसंच!)

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं हुकूम काढला: तीन वर्षांत आपली भाषा सोडा, पोर्तुगीज बोला. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज माहीत नाही. पण गोवा सोडून कर्नाटकच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पुराण हातानं उतरवून ठेवलं होतं. अशा हस्तलिखितांवरून १९०७ साली जे. एल. सालढाणा यांनी ते मंगळूरला पुन्हा छापलं.