ओटीवरून : दाराजवळचा अनोळखी माणूस



थंडी पडायला लागली की आपल्या मंडळींत एक विषय हमखास निघतो. कधी किद्दूश झाल्यावर चहाच्या टेबलाशी, कधी फोनवर. कोणी सांगतं, "आमच्या युनिटच्या मागे एक गाडी तीन आठवडे उभी आहे. काचांना आतून टॉवेल लावलेत. रात्री आत कोणीतरी झोपतं." कोणी म्हणतं, "बागेतल्या बाकावर एक बाई रोज पहाटे दिसते, बाजूला दोन पिशव्या." मग सगळ्यांचा प्रश्न एकच. आपण करायचं काय? जवळ जायचं, पोलिसांना कळवायचं, की पडदा ओढून घ्यायचा? या वेळी आम्ही त्याच प्रश्नावर लिहायचं ठरवलं आहे.

आधी भीतीबद्दल. एकट्या राहणाऱ्या आजीला अंधारात अनोळखी माणूस दिसला की ती दचकणारच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मुंबईत भायखळ्याहून जेकब सर्कलकडे चालत जाताना फुटपाथवर किती माणसं झोपलेली असायची! आपण त्यांना ओलांडून जायचो, कारण डोळ्यांना सवय झाली होती. इथे रस्ता मोकळा, झाडं छाटलेली, आणि त्यात एकच माणूस. म्हणून तो डोळ्यांत भरतो. पण तो एकटा नाही बरं का. २०२१ च्या जनगणनेवरून ऑस्ट्रेलियात १,२२,४९४ माणसं बेघर असल्याचा अंदाज निघाला. त्यांपैकी उघड्यावर किंवा तात्पुरत्या आडोशाला झोपणारी फक्त ७,६३६, म्हणजे शंभरात सहा. बाकीची आपल्याला दिसतच नाहीत. कोणी आश्रयगृहात, कोणी ओळखीच्यांच्या सोफ्यावर, आणि सर्वांत जास्त अतिशय दाटीच्या घरांत. आणखी चार किंवा जास्त झोपण्याच्या खोल्या लागतील इतकी गर्दी असेल, तर तीही माणसं इथे बेघरांत धरतात. आता या हिशेबाने आपली चाळीतली खोली मोजली असती, तर अर्धी मुंबई बेघर ठरली असती! पण हसण्यावारी नेऊ नका. चाळीतली खोली लहान असली तरी आपली होती. ज्याला उद्या "जा" म्हटलं की उठावं लागतं, त्याची गोष्ट वेगळी.

आणखी एक आकडा आपल्या वयाच्या वाचकांसाठी. २०११ ते २०१६ या पाच वर्षांत ५५ च्या पुढच्या बेघर स्त्रियांची संख्या सुमारे ३१ टक्क्यांनी वाढली. या दारू पिऊन रस्त्यावर पडलेल्या बायका नव्हेत. यांतल्या पुष्कळजणींनी जन्मभर घर सांभाळलं, मुलं वाढवली, अर्धवेळ नोकरी केली. सक्तीचं सुपर इथे १९९२ पासून सुरू झालं, त्यामुळे गाठीला थोडंच जमलं. मग नवरा गेला, किंवा संसार मोडला, आणि भाडं मात्र वाढत राहिलं. तेव्हा बाकावरची ती बाई कोण असेल, हे आपण पडद्याआडून ठरवू नये. आपल्यातलीही कोणी आज नातेवाइकांच्या सोफ्यावर दिवस काढत असेल आणि अब्रूपायी बोलत नसेल.

आता आपलं शास्त्र काय म्हणतं ते पाहू. तोराच्या पाचव्या पुस्तकात, अध्याय २१ मध्ये, एक विलक्षण आज्ञा आहे. शेतात कोणा अनोळखी माणसाचं प्रेत सापडलं आणि मारणारा कोण ते कळलं नाही, तर वडीलधाऱ्यांनी तिथून आजूबाजूच्या गावांपर्यंतचं अंतर मोजायचं. जे गाव सर्वांत जवळ, त्या गावच्या वडीलधाऱ्यांनी हात धुऊन जाहीर करायचं की हे रक्त आम्ही सांडलं नाही. आपले गुरुजन विचारतात, अहो, गावच्या वडीलधाऱ्यांवर खुनाचा संशय कोण घेणार? मग हे कशासाठी? त्यांनीच उत्तर दिलं आहे. वडीलधाऱ्यांनी म्हणायचं ते असं की, हा माणूस आमच्याकडे आला असताना आम्ही त्याला उपाशी पाठवलं नाही, आणि आमच्या नजरेस पडला असताना सोबतीवाचून जाऊ दिलं नाही. प्रेत अगदी वेशीशी सापडलं, जवळचं गाव कोणतं ते उघड दिसत असलं, तरीसुद्धा मोजायचंच.

आम्हांला या आज्ञेत दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, जबाबदारी सर्वांत चांगल्या किंवा सर्वांत श्रीमंत गावाची नाही, जवळच्या गावाची आहे. ती गाडी तुमच्या खिडकीखाली असेल तर ते गाव तुम्ही. दुसरी, त्या गावाने त्याचं सारं आयुष्य सुधारायला हवं होतं असं कोणी म्हणत नाही. अन्न आणि सोबत, एवढंच मागितलं आहे. तेवढं म्हाताऱ्या माणसालाही जमण्यासारखं आहे.

अन्नाचं पाहू. दिवसाउजेडी, शक्यतो दोघांनी मिळून जावं. गाडीच्या काचेवर ठोकू नये, दोन पावलं दूर उभं राहून "गुड मॉर्निंग, आर यू ऑलराइट?" एवढं विचारावं. कदाचित तो रात्रपाळी करून आलेला कामगार निघेल, "थँक्स, आय ॲम फाइन" म्हणेल. आपलं काय गेलं? मदत हवीशी दिसली तर काही खाणार का ते विचारावं. न विचारता डबा ठेवून येऊ नये. कोणाला मधुमेह असतो, कोणाचे दात पडलेले असतात, आणि आपलं तिखट मटण तर सगळ्यांना झेपेल असं नाही! केळी, उकडलेली अंडी, गरम चहा उत्तम. आणि भुकेल्याची उलटतपासणी करू नये. अन्न मागणाऱ्याची चौकशी करत बसायचं नाही, असा आपल्या शास्त्राचा निर्णय आहे. आब्राहाम अवीनूने भर उन्हात आलेल्या तीन वाटसरूंना आधी जेवू घातलं, नावगाव विचारलं नाही.

आता सोबतीचं. पूर्वी सोबत म्हणजे कंदील घेऊन वेशीपर्यंत जाणं. इथे सोबत म्हणजे योग्य ठिकाणचा रस्ता दाखवणं. न्यू साउथ वेल्समध्ये 'लिंक टू होम'चा नंबर १८०० १५२ १५२. तो चोवीस तास चालू असतो. व्हिक्टोरियात १८०० ८२५ ९५५. माणूस स्वतः फोन करू शकतो. त्याच्याजवळ फोन नसेल तर त्याची परवानगी घेऊन आपला द्यावा. तो नको म्हणाला तर नंबर कागदावर लिहून द्यावा आणि नमस्कार करून परत यावं. सिडनीत बॉन्डायला ज्युईश हाऊस आहे, तिथे अडचणीतल्या माणसाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आसरा मिळू शकतो. इंग्रजीची अडचण असेल तर सरकारी दुभाषी सेवा १३१ ४५० वर मिळते.

पोलिसांचं काय? नुसतं उघड्यावर झोपणं हा गुन्हा नाही. सिडनी ऑलिम्पिकच्या वेळी, २००० साली, न्यू साउथ वेल्समध्ये याविषयी एक धोरण ठरलं. बेघर माणूस मदत मागत नसेल, संकटात दिसत नसेल आणि कोणाला धोका नसेल, तर सरकारी माणसांनी त्याला हटकू नये, असा त्याचा आशय आहे. तेव्हा "नजरेसमोरून हलवा" म्हणून फोन करू नये. पण माणूस हलत नसेल, हाकेला ओ देत नसेल, किंवा कोणी धमकावत असेल, तर लगेच ००० फिरवा. शब्बाथ असला तरी! जीव वाचवण्यापुढे शब्बाथ बाजूला राहतो, हे आपण सगळे जाणतो.

आता बालमित्रांनो, तुमचं काम. अनोळखी माणसाजवळ एकट्याने कधीही जायचं नाही. पण पाहायचं आणि घरी सांगायचं. तुमची नजर आमच्यापेक्षा तेज आहे. त्याचा फोटो काढायचा नाही, बोट दाखवून हसायचं नाही. आणि एक खरी गोष्ट ऐका. २०१४ साली ब्रिस्बेनमध्ये लुकास पॅचेट आणि निक मार्केसी या वीस वर्षांच्या दोन मित्रांनी एका जुन्या व्हॅनमध्ये कपडे धुण्याची यंत्रं बसवली आणि बेघर माणसांचे कपडे फुकट धुऊन द्यायला लागले. 'ऑरेंज स्काय' त्याचं नाव. कपडे वाळेपर्यंत तासभर काय करायचं? तर नारिंगी खुर्च्या मांडून गप्पा! पुष्कळांना धुतलेल्या कपड्यांइतकीच त्या गप्पांची ओढ असते, असं त्यांच्या लक्षात आलं. २०१६ साली त्या दोघांना यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर हा मान मिळाला.

शेवटी आपल्या आडनावांकडे पाहा. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, नवगावकर. आपलं आडनाव म्हणजे गावाचा पत्ताच. पण हा पत्ता आपल्याला मिळाला कसा? नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असं वाडवडील सांगत आले. अंगावरच्या ओल्या कपड्यांखेरीज त्यांच्याजवळ काही नव्हतं. त्या दिवशी सर्वांत जवळचं गाव नवगाव होतं. तिथल्या लोकांनी त्यांना राहू दिलं, घाणे चालवून पोट भरू दिलं, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली असं नावही दिलं. तिथे सगळ्यांनी दारं लावून घेतली असती, तर हे पत्रक वाचायला आज कोण असतं?

वर दिलेले नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवून ठेवा. नातवंडांकडून लिहून घेतलेत तर अधिक बरं, म्हणजे त्यांच्याही लक्षात राहतील. आणि आपल्यापैकीच कोणाला घराची चिंता असेल, तर आपल्या मंडळाच्या कोणाही वडीलधाऱ्याशी मोकळेपणाने बोला. गोष्ट त्यांच्याजवळच राहील.

पुढच्या अंकी भेटूच. तोवर गरम कपडे घाला, सांभाळून राहा. शालोम!